सकाळचे हात

भिवपुरी,
१८ मार्च १९८५

पुतळे, आत्याचा जयभीम.

आधी वाच, मग फाडायचं तर फाड. दोन वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज लिहायला बसले, म्हणजे काहीतरी असणार हे तुझ्या लक्षात येईलच. वाईट नाही. चांगलंच आहे. इतकं चांगलं आहे की कुणाला सांगू असं झालं. शेजारच्या सोनुबाईला सांगून झालं, कोंबड्यांना सांगून झालं, मग म्हटलं, जिला सांगायचं ती राहिली बाजूला आणि मी गावभर काय सांगत फिरते.

तुझ्या लेकीने आज आपल्या हाताने चहा प्याला.

सकाळी, बरं का. संध्याकाळी ती पूर्वीही कशीबशी प्यायची. ही झोपेतून उठल्यावर पाव तासाच्या आतली गोष्ट आहे. कप बशीत ठेवताना जरासा वाजला, तेवढाच. एक थेंब सांडला नाही. मी आपली सवयीने फडकं घेऊन समोर बसलेली. ती म्हणते, "आजी, फडकं ठेव गं खाली. नि माझ्याकडं बघू नको, मला हसू येतं." मी कुठली बघायची राहते! तर म्हणाली, "कप नाय हालत. तुझी मान हालतेय." चंदर पॉवर हाऊसच्या पाळीवरून आला होता, दारात उभा राहून बघत होता. मोरीत जाऊन हात धुतले, आणि परत जाऊन पुन्हा धुतले. तुझा नवरा कसा आहे ते मी तुला काय सांगू.

तू धाकट्या सिदूला घेऊन माहेरी गेलीस तेव्हा विशाखाला सकाळी हातापायाला हिसके बसायचे, भाकरीचा तुकडा उडून कोंबडीपुढे पडायचा, आणि महिन्या-दोन महिन्यांनी एखादी मोठी फिट यायची. पुढे फार वाईट झालं. मी कळवलं नाही. का कळवलं नाही ते आज नको विचारू.

त्या डॉक्टरने फिटवर म्हणून ज्या गोळ्या दिल्या होत्या, तुझ्यासमोरच सुरू झाल्या होत्या त्या, त्याच आम्ही चालवल्या. हिसके वाढले की गेलो त्याच्याकडे, की तो गोळी वाढवायचा. गोळी वाढली की हिसके वाढायचे. मग आणखी गोळी. हे असं उलटं चाललंय हे ना त्याच्या डोक्यात आलं, ना आमच्या. पोर दारू प्यायल्यासारखी झोके खात चालायला लागली. बोलणं जड झालं. हिरड्या सुजून दातांवर आल्या. पॉवर हाऊसचा भोंगा झाला की अंगात वीज शिरल्यासारखी उडायची आणि जिथे असेल तिथे पडायची. सातवीत शाळेतून नाव काढलं. नंतर नंतर तर मी तिला भिंतीला टेकवून बसवायची, दोन्ही बाजूंना उशा लावून, आणि घास भरवायची.

मग चंदरच्या साहेबांनी मुंबईच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. डिसेंबरात नेली. तिथे डॉक्टरीण आहे, दस्तूरबाई, पारशी. केस पांढरे, चपला पुरुषाच्या. तिने विशाखाला काही विचारलंच नाही आधी. नुसतं तिच्या कानामागे टाळी वाजवली. पोर उडाली. मग हिरड्या बघितल्या, जुन्या गोळ्यांचं पाकीट बघितलं आणि कपाळाला हात लावला. म्हणाली, "आजीबाय, ए गोळी चांगली हाय, पन दुसऱ्या फिटला. हिच्या फिटला ए जहर हाय." परदेशातल्या डॉक्टरांना पण हे आत्ता आत्ता कळलंय म्हणे. जुनी गोळी एकदम नाही थांबवायची, दर आठवड्याला थोडी कमी करायची. आणि नवी सुरू करायची, दिवसातून तीनदा, जेवणावर. तिचं नाव घ्यायला गेले तर माझे उरलेले दात पडतील.

मुळातून बरं होणार नाही, असं बाईंनी तोंडावर सांगितलंय. आटोक्यात राहील, म्हणाल्या. राहू दे ना आटोक्यात. मला तेवढं पुरे.

पत्र सखा टेंपोवाल्याबरोबर देते. तो कर्जतहून तुमच्याकडे रसायनीला माल टाकायला आठवड्यातून दोनदा जातो. पोष्टाने पाठवलं तर तुझे वडील वरचं अक्षर ओळखतील. प्रौढवर्गात शिकलेलं माझं हे अक्षर, कोंबडीने चिखलात पाय उमटवावेत तसं, लांबून ओळखू येतं.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल. चालेल म्हणजे काय, चालवून घेईन.

तुझी आत्या
ठकूबाई


भिवपुरी,
५ मे १९८५

पुतळे,

सखा म्हणाला, पत्र तुझ्या हातात दिलं, तू घेतलंस आणि आत गेलीस. मी त्याला चार वेळा विचारलं, "फाडलं का?" तो म्हणाला, "आजी, मी काय खिडकीत बसलो होतो काय?" असला उद्धट. पण पत्र नेतो, म्हणून चहा द्यावा लागतो.

काल पौर्णिमा झाली. विशाखाने विहारात मेणबत्ती लावली. काडी आपण ओढली, वात आपण पेटवली, आणि काडी फुंकून विझवली. सोनुबाई मागून म्हणाली, "ठकू, तू श्वास घे गं, नायतर दुसरी मेणबत्ती तुझ्यासाठी लावावी लागंल." सगळ्या बायका हसल्या. विशाखाही हसली. वंदना होईपर्यंत उभी राहिली, खांबाला फक्त एक हात लावून.

नवीन गंमत सांगते. तिचे केस गळायला लागले होते, मूठ मूठ यायचे. मी घाबरले. बाई म्हणाल्या, औषधानं होतं, परत येतील. तर आले, आणि कुरळे आले! आपल्या सात पिढ्यांत कुणाचे केस कुरळे नाहीत. आरशापुढून हलत नाही. अंगानेही भरली आहे, तुझा तो निळा परकर आता तिला घोट्याच्या वर येतो. ती घालते तो. मी काही म्हणत नाही.

आता कामाचं लिहिते, हे नीट वाच. बाईंना सिदूला बघायचंय. एका पोराला असलं की पाठच्याला होऊ शकतं, होईलच असं नाही. तो आता नऊ वर्षांचा झाला ना? सकाळी उठल्यावर त्याच्या हातातून काही पडतं का बघ. दात घासताना हात उडतो का बघ. भांडं पडल्याच्या आवाजाने दचकतो का, दचकतो म्हणजे आपण दचकतो तसं नाही, ते तुला कळेल. आणि काहीही झालं तरी कुणा डॉक्टरला ही गोळी त्याला देऊ देऊ नकोस. नाव विशाखाने जुन्या पाकिटावरून बघून लिहिलंय, अक्षर तिचंच आहे:

फेनिटॉइन

बघितलंस? तिरकं आहे, पण तिचं आहे. एवढ्या एका शब्दाला तिने अर्धा तास लावला आणि मला हात लावू दिला नाही.

बाईंनी एका कागदावर आमचं सगळं घर काढलं. बाई म्हणजे गोल, बाप्या म्हणजे चौकोन. मी गोल, तू गोल, चंदर चौकोन, तुझे वडील चौकोन. रेघांनी जोडत गेल्या. विचारलं, "घरात आनखी कोनाला असा होता?" मी म्हटलं, आमच्याकडे कुणाला नाही.

तू एकदा ये. घरात राहायला ये असं मी म्हणत नाही. नुसती येऊन बघून जा. काल विहारापुढच्या त्या पारावर, जिथे त्या दिवशी मी बोलू नये ते बोलले, तिथेच ती बसली होती. मला म्हणाली, "आई हितूनच गेली ना गं?" मी तिला म्हटलं, ऊन लागतंय, घरी चल.

आत्या


भिवपुरी,
२९ जुलै १९८५

पुतळे,

जवळजवळ तीन महिने लिहिलं नाही. लावणी होती. आपलं शेत नाही, पण तुला ठाऊक आहे, हाक आली की माझा पाय घरात राहत नाही. गुडघ्याने आता सोडून दिलंय, पण तोंड चालतं ना, म्हणून बायका मला बांधावर बसवतात आणि बोलवून घेतात. तिथे मी हसू पिकवते आणि फुकटची भाकरी खाते.

विशाखा पडली, परवा. मोठं काही नाही. पायरीवर शेवाळ धरलंय, पाऊस तर उघडायचं नाव नाही, पाय घसरला. पुढचा एक दात अर्धा तुटला. ओठाला दोन टाके. तू काळजी करशील म्हणून लिहिणार नव्हते, पण ती म्हणाली, "आईला लिव, नायतर मी लिवीन." ती आता लिहू शकते, म्हणून मला धमकी देते!

शेवाळ चंदरने खरवडून काढलं.

आत्या


भिवपुरी,
२ ऑगस्ट १९८५

पुतळे,

मागचं पत्र खोटं आहे. सखा गेला आणि मला जेवण गेलं नाही.

शेवाळावरून नाही पडली. माझ्यामुळे पडली.

त्या नव्या गोळ्या चांदीच्या कागदात एकेक बंद करून येतात. महिन्याच्या किती, सकाळच्या कुठल्या, दुपारच्या कुठल्या, माझा गोंधळ व्हायचा. एकदा दुपारची दोनदा दिली का काय म्हणून मी दिवसभर पोरीच्या तोंडाकडे बघत बसले होते. म्हणून मी शहाणपण केलं. सगळ्या गोळ्या कागदातून सोलून काढल्या, वालाच्या शेंगा सोलाव्यात तशा, अंगणात बसून. आणि तीन वाट्यांत घातल्या. काचेची सकाळची, पितळेची दुपारची, जर्मनची संध्याकाळची. वर ताटली झाकली. मला इतका आनंद झाला की सोनुबाईला बोलावून दाखवल्या. ती म्हणाली, "बाई, तू तर कंपाउंडरीण झालीस."

ही गोळी हवेतली ओल ओढून घेते. बाईंनी सांगितलं होतं, कागदातून खायच्या वेळेलाच काढायची. ऐकलं होतं मी. पण ते डिसेंबरात ऐकलं होतं, तेव्हा ओल कुठे होती! आषाढातली आपल्याकडची हवा, मीठ पाणी होऊन जातं. तिसऱ्या दिवशी ताटली काढली तर काचेच्या वाटीत गुळाच्या खड्यासारखा एक गोळा. पितळेच्या वाटीत तर हिरवं सुटलेलं.

तेव्हाच चंदरला सांगायचं होतं. नाही सांगितलं. त्याने आदल्या आठवड्यात मुंबईला जाऊन आणल्या होत्या. मी सुरीने त्या गोळ्याचे तुकडे केले आणि अदमासाने दिले, एक दिवस. दुसऱ्या दिवशी भीती वाटली, कमीजास्त झालं तर, म्हणून दिलंच नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. विशाखाने विचारलं, "आजी, गोळी?" मी म्हटलं, "चंदर आणतोय."

आणि त्या सकाळी ती पायरी उतरत होती, पॉवर हाऊसचा भोंगा झाला. चार महिन्यांत भोंग्याला तिची पापणी हलली नव्हती. त्या दिवशी पायरीवरून उडाली गं. मग मोठी फिट, सात-आठ मिनिटं. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले आणि माझ्या हाताला तिचं रक्त, आणि मी मोठ्याने एकच म्हणत होते, शेवाळ आहे, शेवाळ आहे.

चंदरला आता सांगितलंय. तो रागावला नाही. रागावला असता तर बरं वाटलं असतं. दुसऱ्या गाडीने गेला आणि नवीन गोळ्या घेऊन आला. आता त्या कागदातच असतात. विशाखाने कागदाच्या पाठीवर पेनाने लिहून ठेवलंय, स, दु, सं. हे आधी सुचलं असतं तर! तिला सुचलं, मला सुचलं नाही.

विशाखा मला म्हणते, "दात तुटला तर तुटला. शिट्टी छान वाजते आता." आणि वाजवून दाखवते. चौदा वर्षांची पोरगी, मला हसवायला बघते.

तिला आई पाहिजे, पुतळे. आजीच्या हातून हे असं होतं.

आत्या


भिवपुरी,
८ सप्टेंबर १९८५

पुतळे,

हे पत्र जानकीला मोठ्याने वाचून दाखव. तुझ्या आईला. तुझे वडील घरात असले तर त्यांनाही. मला ठाऊक आहे, रामूने शपथ घातली आहे की ठकूचं नाव या घरात नको. तरी वाच.

मागच्या आठवड्यात विशाखाला घेऊन मी गेले होते मुंबईला, पडल्यानंतर दाखवायला बोलावलं होतं. बाईंनी तोच जुना कागद काढला, गोल आणि चौकोनांचा. माझ्या गोलावर बोट ठेवलं, तुझ्या वडिलांच्या चौकोनावर ठेवलं, आणि म्हणाल्या, "आजीबाय, ए तुमचा भाऊ. त्याची मुलगी तुमची सून. मंजे दोन्ही बाजू एकाच घरातल्या. हा आजार दोन्ही बाजूनी मिळाला तरच दिसतो. एका बाजूनी मिळाला तर मानूस चांगला धडधाकट फिरतो, त्याला कलत पन नाही. आता आठवून सांगा, तुमच्या माहेरी कोन होता?"

मी म्हटलं, "नव्हतं कुणी."

बाहेर येऊन बाकावर बसले. विशाखा शेजारी शेंगा खात होती, एकेक शेंग सोलून, दाणा तोंडात टाकून. नेमका तोंडात, इकडेतिकडे नाही. मला म्हणाली, "घे गं, तुला सोलून देऊ?" आणि एक दाणा माझ्या तळहातावर ठेवला. मी उठले आणि परत आत गेले. माझा नंबर नव्हता, दारावरचा माणूस ओरडला, तरी गेले.

बाईंना जे सांगितलं तेच तुला लिहिते.

तुला एक काका होता, नागू. तो पाताळगंगेत मासे धरताना पाय घसरून बुडाला, असं तू लहानपणापासून ऐकलंस. तुझ्या वडिलांनीही तेवढंच ऐकलंय. ते तेव्हा पाच-सहा वर्षांचे, मावशीकडे ठेवले होते. मी चौदा वर्षांची होते. नागू माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. त्याला हेच होतं. अगदी हेच. सकाळी हातातली भाकरी उडायची. कुणी मागून हाक मारली की पडायचा. आपण तेव्हा देवांत होतो, आई म्हणायची वारं आहे, अंगारा लावायची. तो सकाळी तोंड धुवायला नदीवर गेला आणि परत आला नाही. मासे धरायचं जाळं आईने नंतर नेऊन काठावर ठेवलं. माझ्या देखत ठेवलं. मला म्हणाली, "कुनाला बोलायचं नाय ठके. तुजं लगीन व्हायचंय."

मी नाही बोलले. लग्न झालं, चंदर झाला, दीक्षा घेतली, देव सोडले, सगळं सोडलं, तेवढं एक नाही सोडलं.

तुला मी मागणी घातली ती का, सांगू? भाची सून करायची आपल्याकडे चालच आहे, मामाच्या पोरीवर हक्कच समजतात, म्हणून कुणी काही विचारलं नाही. पण मला माझं माहेर घरात आणायचं होतं. आई गेल्यावर माहेर म्हणजे रामू आणि तू. तू आलीस की चुलीपुढे तेच बोलणं, तेच हसणं, भाजीला तीच फोडणी. मी किती खूश होते त्या वर्षी, तुला आठवतं? आणि नागू मला आठवत नव्हता असं नाही. आठवत होता. मी म्हटलं, इतकी वर्षं झाली.

विशाखाच्या हातातला पहिला तुकडा उडाला, ती दहा वर्षांची होती, तू हसलीस, म्हणालीस, "कोंबडीला देते का गं?" मी नाही हसले. मी त्याच सकाळी ओळखलं होतं.

ओळखलं, आणि मग विहारापुढे चार माणसांत काय म्हटलं? हे जानकीच्या रक्तातलं आहे, म्हटलं. बाहेरून आलेली ती एकटीच होती ना आपल्यात, म्हणून तिच्यावर ढकललं. तिच्या माहेरची कुणी वेडी होती, ते लपवून हिला आपल्यात दिली, असंही म्हटलं. तू माझ्यासमोर उभी होतीस. "आत्या, माझ्या आईला बोललीस ते परत घे," एवढंच म्हणत होतीस. तीनदा म्हणालीस. मी नाही घेतलं. मग तू सिदूला कडेवर घेतलंस, एवढा मोठा सहा-सात वर्षांचा पोरगा, आणि विशाखाचा हात धरलास. आणि मी तिचा दुसरा हात धरून ठेवला. "आमची पोरगी हाय," म्हटलं. चंदर खाली बघत होता.

मी ते परत घेते.

जानकी, तुझ्याकडचं काही नाही. माझ्या घरचं आहे. माझ्याकडून चंदरला गेलं, रामूकडून पुतळीला गेलं, रामूला बिचाऱ्याला ठाऊकही नव्हतं. मला ठाऊक होतं. तू माझ्या घरात भावजय म्हणून आलीस तेव्हा मी तुझी ओटी भरली होती, आणि मीच तुला चारचौघांत खाली बघायला लावलं. तू शिव्या घालशील तर मी ऐकायला येईन. विहारापुढे बोलावशील तर तिथेही येईन. इथल्या विहारात मी येत्या पौर्णिमेला सांगणार आहे, सगळ्या बायकांपुढे. सोनुबाईला आधीच सांगून ठेवलंय, म्हणजे मला पळता यायचं नाही. तिने माझ्याशी दोन दिवस बोलणं टाकलं. मग ताक घेऊन आली.

पुतळे, १६ ऑक्टोबरला, बुधवारी, बाईंनी विशाखाला बोलावलंय. सकाळी दहाला, दुसरा मजला, पिवळं दार. सिदूला घेऊन ये. चंदर तिला घेऊन येईल. मी येणार नाही. मी असले तर तुझा पाय उचलणार नाही, हे मला कळतं.

आणि एक. तिला तुझ्याबरोबर न्यायची असेल तर ने. त्या दिवशी मी हात धरला होता, आता नाही धरत.

ठकू


भिवपुरी,
२९ ऑक्टोबर १९८५

पुतळे,

त्या बुधवारी चंदर घरी आला तेव्हा मी ओट्यावर बसले होते. एकटाच आला. मी लांबूनच बघितलं, एकटा आहे. तरी त्याच्या मागे बघत राहिले, एखादे वेळी मागून रेंगाळत येत असेल, शिट्टी वाजवत.

म्हटलं, "काय झालं रं?"

"आली व्हती."

"मग?"

"मग काय. आली व्हती."

"आरं मेल्या, नीट सांग!"

तुझ्या नवऱ्याच्या तोंडून बोलणं काढायचं म्हणजे खडकातून पाणी. तासभर लागला मला. एवढं काढलं: की तू पिवळ्या दाराशी त्यांच्या आधीच येऊन उभी होतीस. की विशाखाने तुला बघितलं आणि तिच्या सगळ्या अंगाला हिसका बसला, आनंदाचाही बसतो तो, आणि तू धावत येऊन तिला धरलंस, ती पडत नव्हती तरी धरलंस. की सिदू आधी बापाला ओळखेना, मग ओळखलं, मग त्याच्या खिशात हात घातला. की बाईंनी सिदूच्या कानामागे टाळी वाजवली आणि त्याने वळून विचारलं, "काय झालं?" बाई हसल्या. आता काही दिसत नाही, म्हणाल्या, दर सहा महिन्यांनी आणा. पुतळे, त्या टाळीचं चंदरने सांगितलं तेव्हा मी त्याला परत दोनदा सांगायला लावलं.

की तू विशाखाच्या कुरळ्या केसांतून हात फिरवत राहिलीस आणि काही बोलली नाहीस. तुम्ही दोघं नवरा-बायको कसे राहत होता माझ्या घरात, मला आता आश्चर्य वाटतं, बोलायची तेवढी मीच!

तिची पिशवी मी आदल्या दिवशीच भरून चंदरजवळ दिली होती. तिला सांगितलं नव्हतं. खाली तुझा निळा परकर होता, तो तिचाच आता.

आणि चंदर अगदी शेवटी म्हणाला, जेवून उठताना, "गोळ्या कुठं मिळतात ते आत्याला इचार, म्हनाली."

"आत्याला म्हणाली?"

"मंग कुनाला म्हनंल?"

मी भांडी घासायला गेले. चांगली घासून ठेवलेली होती, तीच परत घासली.

आता ऐक. सकाळी उठल्या उठल्या तिला उभी करू नको, आधी पाच मिनिटं अंथरुणावर बसू दे. मागून हाक मारू नको, समोर जाऊन बोल. गोळी रिकाम्या पोटी नाही, दोन घास तरी पाहिजेत. नाही म्हणेल, हट्टी आहे, कुणावर गेली ते मी लिहीत नाही. रात्री उशिरापर्यंत जागू देऊ नको. ऊन झाडांतून चमकत असलं की त्या वाटेने नेऊ नको, डोळ्यांवर हात धरायला सांग. शाळेत घालणार असलीस तर मास्तरांना पहिल्याच दिवशी सांग, लपवू नको. लपवल्याने काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. आणि पोरगी चिडवते, आईलाही चिडवील. चिडवू दे.

पौर्णिमेला मी विहारात उभी राहून बोलले. कोण काय म्हणालं ते लिहीत नाही. दोघीतिघी उठून गेल्या. सोनुबाई बसून राहिली. रामूपर्यंत पोचलं असेलच, बातमीला टेंपो लागत नाही. तुझ्या आईने पत्र ऐकलं का, ऐकून काय म्हणाली, हे मी विचारणार नाही. म्हणजे विचारावंसं फार वाटतं.

घर मोठं झालंय. इतक्या लहान खोल्यांचं घर मोठं कसं होतं, तुला ठाऊक असेल, तू पण दोन वर्षं एक पोर सोडून राहिलीस. सकाळी मला जाग येते आणि मी कान देऊन पडते, आज तिचे हात कसे आहेत. मग आठवतं, आता ते तू बघत असशील. बघून कळव कधीतरी. एका ओळीत कळव. "बरे आहेत" एवढं लिहिलंस तरी मी ते सोनुबाईला, कोंबड्यांना आणि आख्ख्या भिवपुरीला वाचून दाखवीन.

गोळ्यांचं विचारलंस ते सांगते. आपल्याकडे कर्जत, खालापूर, रसायनी कुठेच मिळत नाहीत. मुंबईत दवाखान्यासमोर एकच दुकान आहे. तू दोन पोरांना टाकून तिथवर जाऊ नकोस. मी आणीन. चंदरबरोबर पाठवता येतील, पण त्याच्या पाळीचा नेम नसतो. सखाबरोबर पाठवता येतील, पण त्याचा टेंपो चढावर बंद पडतो, परवाच पडला, म्हणजे पडला असेल. तेव्हा मीच एस्टीने चौक नाक्यापर्यंत येईन. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, अकराच्या गाडीने. रामूची शपथ मोडायला नको, तुमच्या दारापर्यंत मी येणार नाही. तू तिला घेऊन नाक्यावर ये. तुला यायचं नसलं तर तू लांब उभी राहा. मी गोळ्या तिच्या हातात देईन, हात बघीन, आणि परतीची गाडी धरीन.

काल जाऊन पहिल्या आणल्या. दुकानदार ओळखीचा झालाय. म्हणाला, "आजी, या वयात दर महिन्याला कशाला फेऱ्या मारता, तीन महिन्यांच्या एकदम देतो ना."

मी म्हटलं, नको बाबा. महिन्याच्याच दे.

आत्या